शब्दैक्य म्हणजे अर्थैक्य नव्हे

गेल्या महिन्यात आमच्या हिंगोलीस एका विद्वान वक्त्यांचे भारतीय भाषांवर व्याख्यान झाले. वक्त्यांचे नाव घेण्याचे प्रयोजन नाही. कारण आमचा वाद व्यक्तीशी नसून मताशी आहे, आणि हे मत त्यांचे एकट्याचेही नव्हे. सभागृह भरलेले होते, वाणी ओघवती होती आणि टाळ्याही पुष्कळ पडल्या. त्या टाळ्यांत आमच्या महाविद्यालयातील काही तरुण अध्यापकांच्याही टाळ्या होत्या, म्हणूनच हा लेखनप्रपंच.

पूर्वपक्ष थोडक्यात असा. आपल्या बहुतेक भाषा संस्कृताच्या कन्या किंवा ऋणको आहेत. तेव्हा त्यांच्यातील संस्कृत शब्द ही सर्वांची सामाईक ठेव होय. असा शब्द एका प्रांतात एका अर्थाने व दुसऱ्या प्रांतात दुसऱ्या अर्थाने वापरला जात असेल, तर त्यांतील एक अर्थ शुद्ध व बाकीचे अज्ञानजन्य, भ्रष्ट समजावेत. हे भ्रष्ट अर्थ पाठ्यपुस्तकांतून व सरकारी लेखनातून काढून टाकले, म्हणजे शब्द एक, अर्थ एक आणि राष्ट्रही एक होईल. उदाहरण म्हणून वक्त्यांनी 'शिक्षा' हा शब्द घेतला. ते म्हणाले, 'ज्या शब्दाचा अर्थ विद्यादान, त्याला मराठी माणसाने छडी आणि तुरुंग ह्यांच्या पंक्तीस नेऊन बसविले. ह्याहून भाषेचा अधःपात तो कोणता?' येथेच टाळ्या सर्वांत अधिक पडल्या.

प्रथम ह्या शब्दाचीच चौकशी करू. संस्कृतात 'शिक्षा' म्हणजे शिकणे, शिकविणे. सहा वेदांगांपैकी उच्चारशास्त्रासही शिक्षा म्हणतात. हिंदी आणि बंगालीने विद्यादानाचा अर्थ राखला. मराठीत मात्र शिक्षा म्हणजे दंड, आणि विद्यादानास 'शिक्षण'. हा मराठीचा एकटीचा अपराध असता, तर आम्ही मान खाली घातली असती. परंतु गुजरातीत शिक्षा म्हणजे दंडच. कानडीत 'शिक्षे' म्हणजे दंडच. तेलुगू आणि मलयाळम ह्यांतही तेच. म्हणजे साबरमतीपासून केरळापर्यंतचे कोट्यवधी लोक एकाच वेळी, एकाच दिशेने, एकच चूक करीत आले असे मानावे लागेल. चूक जेव्हा इतकी सार्वत्रिक आणि इतकी नियमबद्ध असते, तेव्हा तिला चूक म्हणत नाहीत, भाषा म्हणतात.

शिवाय हा अर्थ आकाशातून पडलेला नाही. 'शास्' ह्या एकाच धातूपासून शास्त्रही आले, शिष्यही आला आणि शासनही आले. शिकविणे, राज्य करणे आणि दंड करणे ह्या तिन्ही क्रिया आपल्या पूर्वजांनी एकाच धातूत पाहिल्या. आजही आपण कोणास 'चांगला धडा शिकवीन' म्हणतो तेव्हा पुस्तक उघडून बसण्याचा आपला हेतू नसतो. आणि हा काही आपलाच स्वभाव नव्हे. लॅटिन भाषेत 'डिसिप्लिना' म्हणजे शिष्याने घ्यावयाची विद्या. इंग्रजीत त्याच शब्दाचा 'डिसिप्लिन' झाला. त्याचा एक अर्थ ज्ञानशाखा, दुसरा वर्तनाचे नियमन आणि तिसरा सरळसरळ दंड. परंतु ह्यावरून इंग्रज अधःपतित झाला असे म्हणणारा विद्वान आम्हांस अद्याप भेटलेला नाही.

आता दुसरा शब्द घेऊ; तो अरबी आहे. अरबीत 'इल्म' म्हणजे ज्ञान, आणि त्याच धातूपासून 'तालीम' म्हणजे शिकविणे. 'मालूम' हा शब्दही त्याच घरचा. उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण. आमचा मराठवाडा निजामाच्या राज्यात होता तेव्हा शिक्षणखात्याच्या नावात 'तालीमात' हा शब्द असे. पण आमच्या पेठेतल्या पोरास विचारले असते, तर त्याने तालीम म्हणून लाल मातीचा हौदा दाखविला असता. मराठीत तालीम म्हणजे मल्लांचा आखाडा, आणि नाटकवाल्यांच्या भाषेत प्रयोगापूर्वीचा सराव. कोल्हापुरात तर फुटबॉल खेळणाऱ्या संघांच्याही नावात 'तालीम मंडळ' असते. आखाड्यात शिकविणारा तो 'वस्ताद'. हा फारसी 'उस्ताद', म्हणजे गुरू. इराणात विद्यापीठातील अध्यापकास उस्ताद म्हणतात, हिंदुस्थानी संगीतात थोर गवयास उस्ताद म्हणतात. आणि मराठीत एखाद्यास 'मोठा वस्ताद आहे' म्हटले, तर ऐकणारा आपला खिसा चाचपून पाहतो. एकच शब्द, परंतु तेहरानचा मान हिंगोलीस मिळेलच असे नाही.

ह्याच्या नेमकी उलट यात्रा युरोपात एका ग्रीक शब्दाने केली. ग्रीक 'जिम्नासियन' म्हणजे उघड्या अंगाने व्यायाम करण्याची जागा; 'जिम्नोस' म्हणजे नग्न. इंग्रजीत आणि फ्रेंचमध्ये तो शब्द व्यायामशाळेवरच राहिला. जर्मनीत मात्र 'गिम्नाझिउम' म्हणजे विद्यापीठात जाऊ इच्छिणाऱ्या मुलांची माध्यमिक शाळा, आणि रशियातही 'गिम्नाझिया' म्हणजे शाळाच. असे का झाले, ह्याचे कारण अथेन्सच्या इतिहासात आहे. प्लेटोची अकादमी आणि ॲरिस्टॉटलचे लायसियम ही दोन्ही विद्यापीठे व्यायामाच्या आवारांतच भरत. मुले अंग कमावीत आणि त्याच वृक्षांखाली तत्त्वचर्चा चाले. त्या लायसियमच्या नावावरून फ्रान्समध्ये नेपोलियनने १८०२ साली स्थापिलेल्या शाळांना 'लिसे' हे नाव पडले. इटलीचा माणूस मात्र आज व्यायामशाळेला 'पालेस्त्रा' म्हणतो, आणि त्या ग्रीक शब्दाचा मूळ अर्थ होता कुस्तीची जागा!

म्हणजे ग्रीसमधला आखाडा जर्मनीत जाऊन शाळा झाला, आणि अरबस्तानातली शाळा महाराष्ट्रात येऊन आखाडा झाली. ह्यांत भ्रष्ट कोण? आमच्या वक्त्यांचे तत्त्व लावावयाचे तर बर्लिनच्या शाळांतील मुलांचे सदरे उतरवून त्यांना दंडबैठकांस लावले पाहिजे, आणि कोल्हापूरच्या मल्लांच्या हाती पाटी दिली पाहिजे. १९३७ साली वर्ध्यास महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षणपरिषद भरली आणि त्यांची शिक्षणयोजना पुढे 'नयी तालीम' ह्या नावाने प्रसिद्ध झाली. योजनेचा तपशील ठरविणाऱ्या समितीचे अध्यक्ष डॉ. झाकिर हुसेन. त्यांचा जन्म हैदराबादचा आणि डॉक्टरेट बर्लिनची. त्यांच्या एका भाषेत तालीम म्हणजे विद्या आणि दुसऱ्या भाषेत 'गिम्नाझिउम' म्हणजे विद्यालय. वर्ध्याच्या मराठी शेतकऱ्याच्या कानी मात्र दोन्ही शब्दांचा अर्थ कुस्तीकडेच वळला असता. ह्यात गांधीजींचाही दोष नाही, झाकिरसाहेबांचाही नाही आणि शेतकऱ्याचा तर नाहीच नाही. दोष देण्याची गरज असते ती समजावून सांगण्याचा आळस असणारास.

येथे प्रतिपक्षी म्हणेल, 'हे सर्व ठीक. पण मूळ अर्थ तो मूळच.' ह्या 'मूळ' शब्दात मोठी फसगत आहे. मूळ म्हणजे कोठवर खणावयाचे? शाळेतल्या मुलाच्या पाठीवरचे दप्तर घ्या. मराठीत दप्तर म्हणजे कागदांचा रुमाल, संग्रह आणि मुलाची पुस्तकांची पिशवी. पुण्यास पेशव्यांचे दप्तर आहे ते ह्याच अर्थाने. हिंदीत दफ्तर म्हणजे कचेरी. तुर्कीत 'देफ्तेर' म्हणजे वही. अरबी-फारसीतून मागे गेल्यास हा शब्द ग्रीक 'दिफ्थेरा' ह्या शब्दाशी पोहोचतो, आणि त्याचा अर्थ कमावलेले कातडे. कारण त्या काळी लेखन कातड्यावर होई. ब्रेतोनो नावाच्या फ्रेंच वैद्याने घशात कातड्यासारखा पापुद्रा धरणाऱ्या रोगाचे नाव १८२६ साली त्याच ग्रीक शब्दावरून बनविले. तोच डिप्थेरिया, म्हणजे आपला घटसर्प. आता मूळ अर्थाच्या भक्तांनी सांगावे, की उद्यापासून मुलांनी पाठीवर काय न्यावे: कचेरी, कातडे की घटसर्प?

इंग्रजीतील 'गिफ्ट' म्हणजे देणगी. जर्मनमध्ये 'गिफ्ट' म्हणजे विष. दोन्ही शब्द 'देणे' ह्या एकाच धातूचे. ग्रीक 'डोसिस' म्हणजेही देणेच; त्यावरून वैद्याने द्यावयाची मात्रा, म्हणजे डोस; त्याच वळणाने जर्मन माणूस 'दिलेले' ह्यावरून 'विष' ह्या अर्थावर आला. जुना अर्थ त्याच्या 'मिटगिफ्ट' ह्या शब्दात मात्र उरला आहे, आणि त्याचा अर्थ हुंडा. स्वीडनमध्ये तर 'गिफ्ट' म्हणजे विषही आणि विवाहितही. त्यावर संसारी वाचकांनी हवे ते भाष्य करावे. आणि वाचक ज्या प्रकारचे नियतकालिक हाती धरून बसले आहेत, त्याला इंग्रजीत 'मॅगझिन' म्हणतात. ते मूळ अरबी 'मखझन', म्हणजे कोठार; आपल्या 'खजिन्या'चे सख्खे भावंड. फ्रान्समध्ये आणि रशियात त्याचे दुकान झाले, इंग्रजीत दारूगोळ्याचे कोठार झाले, आणि १७३१ साली लंडनमध्ये 'जंटलमन्स मॅगझिन' निघाल्यापासून लेखांचे कोठारही झाले. अरबांनी ह्याबद्दल लंडनवर फिर्याद केल्याचे ऐकिवात नाही.

येथवर विनोद झाला. आता जे सांगावयाचे त्यात विनोद नाही, आणि हा लेख लिहिण्याचे खरे कारणही तेच आहे.

'रिझा' म्हणजे संमती, ह्या अरबी शब्दापासून आपली 'रजा' आली. वरिष्ठाची संमती ती रजा, आणि पुढे त्या संमतीने मिळालेली सुट्टी तीही रजा. इंग्रजी 'लीव्ह' ह्या शब्दातही परवानगी आणि सुट्टी हे दोन्ही अर्थ नांदतात. त्याच घरचा 'राजी', आणि त्यावरून 'राजीनामा'. उर्दू आणि हिंदीत राजीनामा म्हणजे दोन्ही पक्ष राजी झाल्याचा लेख, तडजोडपत्र. मराठी, कानडी, तेलुगू ह्या भाषांत राजीनामा म्हणजे आपण होऊन पद सोडल्याचे पत्र. आणि जमिनीच्या व्यवहारात, खातेदाराने आपला हक्क सोडल्याचे पत्र.

संस्थानी काळात आमच्या आजोबांचा आपल्या सख्ख्या धाकट्या भावाशी एका बांधावरून दावा चालू होता. कोर्टाची भाषा उर्दू. वकील परगावचे, भले गृहस्थ. पण मराठी बेताचेच जाणणारे. दोन सुनावण्या झाल्यावर त्यांनी आजोबांस बाजूला घेऊन सांगितले, 'पाटील, राजीनामा देऊन टाका. ह्यातच तुमचे भले आहे.' त्यांच्या मनात होते, भावाशी तडजोड करा. आजोबांस पटवाऱ्याच्या चावडीतला राजीनामा ठाऊक होता. त्यांनी ऐकले, जमीन सोडा. वकील भावाला फितूर झाला, असे समजून ते तेथून उठले ते थेट घरी आले. दावा पुढे अनेक वर्षे चालला. एक बैलजोडी गेली, आजीच्या पाटल्या गेल्या, आणि एका वाड्यातल्या दोन चुलींमध्ये भिंत उभी राहिली. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले. पुढे काही वर्षांनी एका मराठी कारकुनाने जुने कागद वाचताना त्या शब्दाचा अर्थ आजोबांस उलगडून सांगितला. तोपर्यंत धाकटे आजोबा वारले होते. आजी सांगत, की त्या रात्री आजोबा जेवले नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच्या हातांनी ती भिंत पाडावयास घेतली.

आता आमच्या वक्त्यांनी सांगावे, ह्या प्रसंगी 'भ्रष्ट' अर्थ कोणाचा? वकिलाचा अर्थ व्युत्पत्तीला धरून होता. पण आजोबांचा अर्थही त्यांच्या गावाच्या व्यवहाराला धरून होता. दोघेही आपापल्या भाषेत बरोबर होते, आणि म्हणूनच अनर्थ झाला. शब्द निराळा असता तर आजोबांनी 'म्हणजे काय?' असे विचारले असते. शब्द ओळखीचा होता, म्हणून विचारले नाही. अनोळखी शब्द अडवितो. ओळखीचा शब्द फसवितो.

आणि हे संस्थानाबरोबर संपले असे कोणी समजू नये. २००१ साली केंद्र सरकारने 'सर्व शिक्षा अभियान' सुरू केले. हेतू थोर, काम मोठे. त्याविषयी आम्हांस आदरच आहे. परंतु ते हिंदी नाव जसेच्या तसे महाराष्ट्रातील शाळांच्या भिंतींवर रंगविले गेले. आमच्या शेजारच्या एका वृद्ध मावशींस नातवाने ती अक्षरे वाचून दाखविली, तेव्हा त्या आम्हांस म्हणाल्या, 'एवढ्या साऱ्या लेकरायला कशाची शिक्षा, बाबा?' आम्ही हसलो. मागाहून हसल्याची लाज वाटली. ज्या बाईंच्या नातवंडांसाठी ते अभियान होते, त्यांनाच त्याचे नाव कळत नव्हते, आणि जे कळत होते ते नेमके उलटे होते. 'शिक्षण' असे लिहिले असते तर एक अक्षर तेवढे अधिक लागले असते. पुढे २०१८ साली योजना बदलली, तिचे नाव 'समग्र शिक्षा' झाले. शिक्षा मात्र कायम राहिली.

'पण राष्ट्रीय ऐक्याचे काय?' हा शेवटचा आक्षेप. राज्यघटनेच्या ३५१ व्या कलमाचा दाखला वक्त्यांनी दिला. ते कलम आम्हीही वाचले आहे. हिंदीने आपली शब्दसंपत्ती मुख्यतः संस्कृतातून आणि गौणतः इतर भाषांतून वाढवावी, असे त्यात आहे; मराठीने आपले अर्थ हिंदीच्या मापाने कापून घ्यावेत, असे त्यात कोठेही नाही. आणि ऐक्य संस्कृत शब्दांनी आपोआप होते म्हणावे, तर 'संसार' ह्या एका शब्दाकडे पाहावे. हिंदीत संसार म्हणजे जग, मराठीत घरप्रपंच, आणि मलयाळममध्ये संभाषण. त्या 'प्रपंचा'चा अर्थ तेलुगू आणि कानडीत पुन्हा जग. 'उपन्यास' हिंदी आणि बंगालीत कादंबरी, तर कानडी आणि तेलुगूत व्याख्यान. तेलुगू माणसाचे 'कल्याणम्' म्हणजे लग्न आणि 'व्यवसायम्' म्हणजे शेती. ह्या सर्वांतून एकच अर्थ 'शुद्ध' ठरविण्याचा अधिकार कोणाचा? ज्याच्या भाषेचा अर्थ निवडला जाईल त्यास ते ऐक्य वाटेल; बाकीच्यांस ती हार वाटेल.

एक गोष्ट आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. रसायन, वैद्यक, कायदा अशा शास्त्रांत पारिभाषिक शब्दाचा अर्थ ठरवून घ्यावा लागतो, आणि तो जितक्या भाषांत सारखा असेल तितके बरे. परंतु परिभाषा ही करार करून ठरते, आणि कराराला दोन्ही पक्ष राजी असावे लागतात. लोकांच्या तोंडी आधीच नांदत असलेला शब्द घेऊन त्याच्यावर परका अर्थ लादणे ही परिभाषा नव्हे. मोल्सवर्थने १८३१ साली आपला मराठी कोश सिद्ध केला, तेव्हा मराठी माणसे शब्द कोणत्या अर्थाने बोलतात हे त्याने टिपून घेतले. त्या परदेशस्थाला जी नम्रता साधली, ती आम्हां घरच्यांस का साधू नये?

आमची मागणी फार लहान आहे. सारख्या दिसणाऱ्या पण निराळ्या अर्थाच्या शब्दांची ओळख शाळेतच करून द्यावी. मराठी मुलास हिंदी शिकविताना पहिल्या आठवड्यात 'शिक्षा', 'संसार', 'खाली', 'चेष्टा' हे शब्द समोर ठेवावेत, आणि कोणता अर्थ खरा हे न सांगता, कोणता अर्थ कोठला हे सांगावे. दिल्लीहून आलेला मजकूर मराठीत आणणाऱ्यास दोन्ही भाषा याव्यात. आणि भिंतीवर एखादी पाटी रंगविण्यापूर्वी ती त्या गावातल्या एका म्हाताऱ्या बाईस वाचून दाखवावी. ह्यास खर्च येत नाही.

आमच्या जिल्ह्यातील नरसी हे गाव परंपरेने नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते. नामदेव पंजाबात गेले, तेथील लोकांत राहिले, आणि त्यांच्या नावाची ६१ पदे शिखांच्या ग्रंथसाहिबात आज पूज्य मानली जातात. ती पदे मराठीत नाहीत. ऐकणाऱ्यांना कळेल अशा उत्तरेकडील बोलीत आहेत. तुमचे शब्द भ्रष्ट आहेत, आधी माझे अर्थ शिका आणि मग माझे ऐका, असे म्हणून कोणास तेथे असे स्थान मिळाले नसते. ऐक्य हवे असणाऱ्यांनी नरसीची वाट धरावी. ती आमच्या व्याख्यानगृहापासून फार दूर नाही.